अतामीत तक्रार करायची सोय नाही

हॉटेलात उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तक्रार केली नाही तर आपल्याला कोणी मोजत नाही, अशी आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. वडील धर्मशाळेत फुकट उतरायचे आणि चादर बदलून मागायचे. मी ती परंपरा महाबळेश्वर, गणपतीपुळे, शिर्डी अशी वाढवत नेली. गरम पाणी सकाळी सहा ते आठ म्हणजे काय, मी साडेआठला उठलो तर? पंखा फिरतोय, पण वारा कुठे जातोय? उशीला वास येतो; कसला ते सांगता येत नाही, पण येतो. काउंटरवरचा माणूस आधी ऐकलंच नाही असं दाखवतो, मग "बघतो साहेब" म्हणतो आणि काहीही बघत नाही. तरी बरं वाटतं. पैसे वसूल झाल्याचं निम्मं समाधान त्या "बघतो साहेब"मध्येच असतं.

असा मी, मुरलेला तक्रारदार, जपानात अतामीला जाऊन पार निकामी झालो.

भाचा टोकियोत निशिकासाईला राहतो. तिथे भारतीय वस्ती एवढी आहे की ही पहिल्याच दिवशी कढीपत्ता घेऊन आली. चार दिवसांत आम्ही त्याच्या छोट्याशा घराचा प्रत्येक कोपरा व्यापला, तेव्हा तो फार गोड आवाजात म्हणाला, "मामा, जरा समुद्रावर जाऊन या. अतामी. टोकियोचं लोणावळंच समजा."

शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं पाऊण-एक तासाचा रस्ता. एका बाजूला सागामीचा उपसागर, दुसऱ्या बाजूला सरळ उभा डोंगर, आणि मधल्या उतारावर ३५ हजारांच्याही आतल्या वस्तीचं गाव. जमीन सोडली तर सगळं आहे. म्हणून हॉटेलं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी वर चढत जातात. जमिनीखालून कढत पाण्याचे झरे येतात आणि त्यावर गाव जगतं. त्या वेळचा जपानचा शासक, शोगुन तोकुगावा इयेयासु, १६०४ साली इथे अंघोळीला आला होता. पुढच्या शोगुनांना यायला सवड नव्हती, म्हणून इथलं पाणी पिंपांत भरून एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यावर जायचं. १९६४ साली शिंकान्सेन सुरू झाली, त्या काळात टोकियोची नवी जोडपी मधुचंद्राला इथे यायची. आम्ही दोघं त्या हिशेबानं बरेच उशिरा पोचलो.

पोचलो दीडला. खोली मिळणार तीनला. मी काउंटरवर कोपर टेकवलं आणि भारतात आजवर कधीही वाया न गेलेलं वाक्य हातवाऱ्यांसकट टाकलं: "जरा बघा ना, काही होतंय का." समोरच्या तरुणानं मान एका बाजूला कलती केली आणि दातांतून हवा आत ओढली. चेहऱ्यावर इतकं दुःख, की याच्या घरी काही झालंय की काय असं मला वाटलं. मी भाच्याला फोन लावून त्याच्या हातात दिला. तरुण दोन मिनिटं बोलला, फोनसमोर तीनदा वाकला. भाचा म्हणाला, "मामा, ते सॉरी म्हणतायत."

"एवढंच?"

"मी मीटिंगमध्ये आहे."

सामान ठेवून घेतलं, छत्री दिली, वर पाऊस भुरभुरतोय याबद्दलही क्षमा मागितली. पावसाची तक्रार मी केलेली नव्हती. माझ्या आधी त्यांनीच ती संपवून टाकली. तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

दीड तास काढायचा म्हणून किनाऱ्यावर गेलो. तिथे एक पुतळा आहे: विद्यार्थ्याची टोपी घातलेला तरुण एका बाईला लाथ मारतोय. ओझाकी कोयो नावाच्या लेखकाची 'कोन्जिकी याशा' ही कादंबरी १८९७ पासून वर्तमानपत्रात येत होती. नायिका श्रीमंत स्थळ पत्करते आणि नायक अतामीच्या वाळूत तिला लाथाडून निघून जातो, हा त्यातला गाजलेला प्रसंग. कादंबरी पुरी व्हायच्या आत लेखक वारले. लाथ तेवढी अजून हवेत आहे. ही पुतळ्यासमोर उभी राहून माझ्याकडे बघायला लागली, जणू टोपी मीच घातली होती. मी घाईघाईनं शेजारची पाटी दाखवली. आम्ही कथेतला प्रसंग जसाच्या तसा दाखवलाय, हिंसेचं समर्थन करण्याचा हेतू नाही, असा खुलासा त्यावर आहे. आमच्याकडच्या पाट्या वाचणाऱ्याला झापतात. इथली पाटी पुतळ्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करते.

तीन वाजता किल्ली मिळाली. तीनला एक मिनिट असताना तो तरुण किल्ली हातात धरून घड्याळाकडे बघत उभा होता, हे मी स्वतः पाहिलं. सही करायच्या कागदावर माणशी १५० येन जास्त दिसले. फोन भाच्याला.

"अंघोळीचा कर आहे मामा. गरम झऱ्याच्या गावात सगळीकडे असतो."

अंघोळकर! हे आमच्याकडे आडनाव म्हणून चालेल, बिलात कसं चालेल? मी तोंड उघडणार तोच त्या तरुणानं करासाठी क्षमा मागितली. सरकारच्या वतीनं. मी सही केली.

मग पायांची परीक्षा. बूट दारात काढायचे, ते कोणीतरी उचलून नेतं. सपाता घालायच्या. त्या सपाता खोलीच्या चटईवर चालत नाहीत, तिथे नुसते मोजे. संडासात वेगळ्या सपाता. त्या संडासातच घालायच्या आणि संडासातच सोडायच्या. (तिथल्या बटणांच्या कमोडवर लिहून लिहून मराठी प्रवासवर्णनकार दमलेत, मी तो विषय सोडून देतो. पाण्याचं महत्त्व कळलेला आणखी एक देश जगात आहे, इतकंच म्हणतो.) मी संडासाच्या सपाता घालून चहा प्यायला येऊन बसलो. खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसून चहा ओतत होत्या. त्यांची नजर चटईवर गेली, तिथून माझ्या पायांवर आली, आणि पुढच्या क्षणी समुद्राकडे वळली. काही म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे एव्हाना "ओ काका!" अशी आरोळी आली असती आणि भांडायला एक सुरुवात मिळाली असती. त्या समुद्राकडे बघत राहिल्या आणि मी चोरासारखा सपाता नेऊन ठेवल्या.

बॅगही मी चुकीच्या जागी ठेवली होती म्हणे. भिंतीत एक सुंदर, रिकामा कोनाडा होता, जमिनीपासून टीचभर उंच. मागे चित्राची गुंडाळी टांगलेली, पुढे कुंडीत एक फूल. बॅग ठेवायला याहून नेमकी जागा जगातल्या कुठल्याही हॉटेलनं केलेली नाही, असं मला वाटलं, म्हणून फूल जरा सरकवून ठेवली. तो खोलीतला देव्हाऱ्याइतका मानाचा कोपरा असतो हे भाच्यानं संध्याकाळी सांगितलं. तोवर बाईंनी बॅग अलगद भिंतीकडे नेली होती आणि फूल आपल्या जागी परत गेलं होतं.

पण एक तक्रार मात्र भक्कम सापडली: खोलीत पलंगच नव्हता. एक बुटकं टेबल, बिनपायांच्या दोन खुर्च्या, बस. "एवढे पैसे घेतले आणि झोपायचं कशावर?" मी हिला विचारलं. ही म्हणाली, "आत्ता चार वाजलेत. तुम्हाला आत्ता झोपायचंय का?" प्रश्न तत्त्वाचा होता, पण भाचा फोन उचलेना. ठरवलं, जेवून आल्यावर कडक शब्दांत बोलायचं.

त्याआधी अंघोळ. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण काही गोष्टी माणसानं थोडक्यातच सांगाव्यात. सामुदायिक हौद, अंगावर काही नाही, आणि हातात जो टॉवेल दिलेला असतो त्यानं एका वेळी एकच काहीतरी झाकता येतं. तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. म्हणजे शेवटी जे उघडं ठेवायला हरकत नव्हती तेवढं झाकलं जातं. हौदात उतरण्याआधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून अंग धुवायचं असतं. मी सवयीनं पाच तांबे ओतून उठलो. शेजारचे आजोबा मी येण्याआधीपासून डावा पाय घासत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी पुन्हा खाली बसलो. उजव्या पायापर्यंत त्यांच्याबरोबर राहिलो. हौदातलं पाणी ४२ अंश. जन्मभर हॉटेलांत "पाणी गरम नाही" म्हणून भांडणारा मी, गुडघ्यापर्यंत उतरून "अगं आई" म्हणालो.

मग युकाता, म्हणजे हॉटेलनं दिलेला सुती झगा, घालून जेवायला. डावी बाजू उजवीवर घ्यायची. मी उलट घेतली, तर जिन्यात तिसऱ्या मजल्यापासून सगळे माझ्याकडे जरा जास्तच आदरानं बघायला लागले. व्यवस्थापकांनी हातानं खुणावून बदलायला लावली. उजवी बाजू वर फक्त प्रेताची घेतात. ही म्हणाली, "तरीच तुम्ही आज शांत दिसत होता."

आणि इथे, बुटक्या टेबलासमोर, मला अखेर न्याय मिळाला.

आम्ही शाकाहारी. भाच्यानं तसं आधीच कळवलं होतं. हॉटेलानं उलट लांबलचक यादी पाठवून एकेक पदार्थ चालतो का विचारलं होतं आणि भाच्यानं ती रात्री बारा वाजता भरली होती. तेव्हा दोष कुणाचा, हे घरातल्या घरात ठेवू. एकामागून एक तळहाताएवढ्या बशा येत होत्या: तोफूचा एक चौकोन, तीन शेंगा, अर्धा मुळा, एक पान, जे खायचं की नुसतं बघायचं ते कळेना. मग वांगं आलं. उभं अर्धं चिरलेलं, वर मिसोचा तपकिरी लेप, भाजून कडेला खरपूस झालेलं. हिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी ओळखीचं कोणीतरी भेटलं होतं. तिनं काडी पुढे केली आणि थांबली.

"अहो, हे हलतंय."

खरंच हलत होतं. वांग्यावर गुलाबीसर, कागदाहून पातळ कपचे भुरभुरलेले होते आणि ते आपोआप वळवळत होते, मान उचलत होते, पुन्हा झोपत होते. हे कात्सुओबुशी. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच्या गोतावळ्यातला मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यासारख्या पात्यावर त्याचे पापुद्रे काढतात. ते इतके तलम, की वाफ लागली की नाचतात. जपानी सार-रश्श्याचं पाणीही बहुतेक याचंच असतं. म्हणजे शाकाहारी समजून आम्ही आधी जे वाटीभर पिऊन "काय छान चव आहे" म्हणालो होतो, तेही.

मला किती आनंद झाला हे कसं सांगू! खोलीपासून साचलेलं सगळं एका वांग्यावर काढता येणार होतं. मी ताठ बसलो, वांग्याकडे बोट केलं आणि मान जोरात हलवली.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या जागच्या जागी कपाळ चटईला टेकेल इतक्या वाकल्या आणि गेल्या. व्यवस्थापक आले, तेही वाकले. मागून आचारी आला. उंच पांढरी टोपी काढून हातात धरलेली, वय आमच्या भाच्याएवढं. तोही वाकला. शेवटी मालकीणबाई आल्या. किमोनोत, पासष्टीच्या, अतिशय शांत. त्यांनी बसून, दोन्ही हात पुढे टेकून, जे वाकायला सुरुवात केली ते संपेचना. चौघं आमच्यासमोर ओळीनं वाकलेले, शेजारच्या टेबलांवरची कुटुंबं काड्या खाली ठेवून गप्प, आणि वांग्यावरचे कपचे अजून नाचतायत.

"बघतो साहेब" म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येतं. याला काय करायचं? मीही वाकलो. ते अजून खाली गेले. मी अजून खाली गेलो. कंबरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. "हरकत नाही, हरकत नाही," मी मराठीत म्हणत होतो, "आमचंच चुकलं, आम्ही मासे खायला हवे होते." त्या पोरगेल्या आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा ही, जिनं लग्न झाल्यापासून घरात अंडं येऊ दिलेलं नाही ती, हळूच मला म्हणाली, "अहो, खाऊन टाका हो ते वांगं. बिचारा रडेल."

वांगं नेलं. पण खरी शिक्षा पुढे होती. त्यांनी समुद्री शेवाळ आणि वाळवलेली अळिंबी यांच्या पाण्यात सगळं जेवण पहिल्यापासून पुन्हा केलं. पहिल्या तोफूपासून. प्रत्येक बशी आचाऱ्यानं स्वतः आणली आणि आम्ही घास घेईपर्यंत तो दाराशी उभा राहिला. पोट केव्हाच भरलं होतं, पण कुठलीही बशी परत पाठवायची आमची छाती झाली नाही.

खोलीत आलो तर टेबल भिंतीशी आणि चटईवर दोन जाड गाद्या, शुभ्र चादरी, पांघरुणाची घडी. पलंगाची तक्रारही गेली. उशाशी एक पत्र होतं. रात्री समुद्रावर आतषबाजी आहे, त्या आवाजानं आपल्याला त्रास होईल याबद्दल क्षमस्व. अतामीची ही आतषबाजी १९५२ पासून चालत आलेली आहे, फक्त उन्हाळ्यात नाही तर वर्षभर अधूनमधून होते, आणि लोक ती बघायला खोल्यांना जास्त भाडं देऊन येतात. आम्हाला ती खिडकीतल्या खुर्चीवर बसून फुकट दिसली, वर माफीही मिळाली.

सकाळी लवकर उठून अंघोळीला निघालो. आता मी जाणकार होतो. डोक्यावर टॉवेल, डावी बाजू उजवीवर, लिफ्टमधून उतरून डावीकडचं दार. पडद्याला हात घालणार तोच एक सफाईवाल्या आजी कुठूनशा धावत आल्या आणि दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. पडदा काल निळा होता, आज तांबडा. रात्रीतून पुरुषांचा हौद बायकांना आणि बायकांचा पुरुषांना देतात, सगळ्या पाहुण्यांना दोन्हीकडचा देखावा मिळावा म्हणून! आत आमची ही होती, हे पोलिसांना पटवून देता आलं असतं. इतर आठ-दहा जणींचं काय सांगितलं असतं? आजींनी माझी माफी मागितली. मी बायकांच्या हौदात शिरत होतो आणि माफी त्या मागत होत्या.

निघताना अभिप्रायाचा छापील कागद पुढे आला. अख्खी पिढी ज्या क्षणासाठी तयार झाली तो हा क्षण. मी पेन उघडलं, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि शेवटी स्वच्छ मराठीत लिहिलं: पाणी फार गरम आहे. काउंटरवरच्या तरुणानं मोबाइल धरून ते वाचलं आणि भूगर्भाच्या वतीनं क्षमा मागितली.

अतामीत खरी, निर्विवाद तक्रार असलेला पाहुणा मला एकच सापडला. त्याचं नाव टोबी. १८६० साली ब्रिटनचे जपानातले प्रतिनिधी रदरफर्ड अल्कॉक फुजी पर्वत चढून उतरले आणि विश्रांतीला अतामीत आले. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा होता. गावात ओयू नावाचं उसळतं कढत पाणी आहे. आता ते यंत्राच्या मदतीनं ठरावीक वेळानं उसळतं, तेव्हा स्वतःच्या मर्जीनं उसळायचं. टोबी नको तेव्हा तिथे गेला आणि भाजून मेला. 'बिचारा टोबी' असं इंग्रजीत कोरलेला दगड अजून तिथे आहे. मी त्याच्यासमोर आदरानं उभा राहिलो. पण गावकऱ्यांनी त्या परक्या कुत्र्याला इतक्या आस्थेनं पुरलं, की अल्कॉकसाहेब पुस्तकात त्यांचं कौतुक करून बसले. म्हणजे टोबीच्या मालकाचीसुद्धा तक्रार पुरी झाली नाही.

स्टेशनच्या बाहेर इयेयासुच्या नावानं पाय शेकायचा फुकट हौद आहे. गाडीला वेळ होता, म्हणून विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीत बसलो. जपानी मंडळी पायाकडे बघत शांत बसली होती. एवढ्यात चढावरून हॉटेलच्या गणवेशातला एक मुलगा धावत येताना दिसला. अतामीचं स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे. तो चढ मी टॅक्सीनं चढलो होतो. मुलगा घामाघूम, धापा टाकत माझ्यासमोर थांबला, वाकला आणि दोन्ही हातांनी एक कागदी पिशवी पुढे केली. आत पातळ कागदात नीट गुंडाळलेली वस्तू होती. सगळी ओळ बघत होती, म्हणून मी उघडली.

माझा बनियन होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. प्रवासाला निघताना मी शेवटच्या घटका मोजणारे बनियन नेतो आणि जिथे उतरतो तिथे एकेक सोडून देतो. बॅगेत जागा होते. हा बनियन काखेत फाटलेला, पाठीवर चाळणी झालेला, मागच्याच दिवाळीला फडका व्हायचा राहिलेला. मी तो कचऱ्याच्या टोपलीत न टाकता टोपलीच्या शेजारी ठेवला होता, कारण टोपली फारच सुंदर होती. हॉटेलच्या हिशेबी टोपलीत जे नाही ते पाहुण्याचं विसरलेलं. त्यांनी त्याची घडी घातली, भोकं आतल्या बाजूला येतील अशी.

"तुमचाच आहे हो," ही मोठ्यानं म्हणाली, म्हणजे कुणाला शंका राहू नये.

मी तो छातीशी धरून वाकलो. मुलगा वाकला. हौदातल्या दोन आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो टाकायला मी कचऱ्याचा डबा शोधत स्टेशनभर हिंडलो; जपानात रस्त्यावर कचरा दिसत नाही याचं सगळे कौतुक करतात, डबाही दिसत नाही हे कोणी सांगत नाही. निशिकासाईला भाच्याकडे कपडे कोणत्या वारी, कोणत्या पिशवीत टाकायचे यावर इतकी चर्चा झाली की आमचं विमान आलं. बनियन पुण्याला परत आला. सध्या कपाटात आहे. कागदासकट, कारण तसा कागद टाकवत नाही.

अतामीला जरूर जा. हौदात उतरण्याआधी दोन्ही पाय घासा आणि सकाळी पडद्याचा रंग बघा. शाकाहारी असाल तर रश्श्याच्या पाण्याचंही आधीच लिहून कळवा, आणि रात्री बाराला यादी भरणाऱ्या भाच्यावर सोपवू नका. टाकायचे बनियन मात्र घरीच टाकून जा.